कच्च्या पानांशी तह

जपानी म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या सॅलड ड्रेसिंगला, म्हणजे सोया सॉस, तांदळाचे व्हिनेगर, थोडे तेल आणि भाजलेले तीळ यांच्या त्या पातळ, पिंगट मिश्रणाला, पुरातनत्वाची सनद बहाल करण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु दप्तर उघडून पाहिले तर निष्पन्न होते ते असे, की यातील जिन्नस त्या मुलखाचे जुने वतनदार असले, तरी ज्या कच्च्या पानांवर त्यांनी ओघळावयाचे, ती पाने मात्र तेथे परवापरवा आलेली आहेत.

याचे कारण भोजनप्रसंगी उच्चारणे शिष्टसंमत नाही, पण त्याला इलाज नाही. एदो, म्हणजे आजचे टोकियो, या नगरीतला मैला भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी रोख पैसे मोजून अथवा भाजीपाल्याच्या मोबदल्यात उचलून नेत, भाड्याच्या घरांच्या मालकांना त्यातून बरी प्राप्ती होई, आणि त्याच खतावर पोसलेली भाजी पुन्हा नगरीच्या बाजारात विक्रीस येई. हा व्यवहार अर्थशास्त्राच्या दृष्टीने जितका निर्दोष, तितकाच कोवळे पान कच्चे चावून खाण्याच्या कामी प्रतिकूल. म्हणून तेथील गृहिणींनी पाने उकडली, मुळे मिठात नाहीतर भाताच्या कोंड्यात मुरवले, काकडी मीठ लावून पिळली. महायुद्धानंतर अमेरिकन फौजेचा अंमल बसला, तेव्हा तिने आपल्या सैनिकांच्या सॅलडसाठी १९४६ साली टोकियोजवळ चोफू येथे मातीविना, खडीच्या वाफ्यांतून पोषक क्षारांचे पाणी खेळवून भाजी पिकविण्याचा बंदोबस्त केला. जेत्यांनी सारा देश ताब्यात घेतला आणि ताटापुरती त्याची माती तेवढी नाकारली! पुढे १९५८ साली क्युपी या कंपनीने बाटलीबंद ड्रेसिंग विक्रीस आणले, तेही फ्रेंच धाटणीचे.

जुन्या पाकशास्त्रात भाज्यांसाठी एक मिश्रण होतेच. सोया सॉस, मिरिन ही गोड मद्याची जात आणि व्हिनेगर, मूळ प्रमाणाने एकेक पेला, असे ते सांबाइझु. त्यात तेलाचा थेंबही नाही, आणि उकडलेल्या वा पिळलेल्या भाजीला तो नकोही असतो, कारण तिच्या अंगात रस मुरतो. कच्च्या पानाच्या अंगावर मात्र निसर्गाने मेणाचे सूक्ष्म कवच चढविलेले असते. त्यावरून पाणचट द्रव निसटून तळाशी जमा होतो, तर तेल मेणाशी सख्य जोडून पानभर पसरते. घरगुती जपानी ड्रेसिंग म्हणजे जुन्या आंबट-खारट संसाराने तेलाला थोडी जागा देऊन या पानांशी केलेला तह होय. आणि तो सावधपणाने केलेला आहे, कारण फ्रेंच रिवाजात व्हिनेगरच्या एका भागाला तेलाचे तीन भाग, तर येथे तेलाचे पारडे मुद्दाम हलके ठेवलेले.

कृतीला पाच मिनिटे पुरतात. तीळ कोरड्या कढईत मंद आचेवर परतावे, दोनचार दाणे तडतडले की उतरवावे, आणि निम्मे भरडावे, निम्मे तसेच ठेवावे. जपानी घरांत याकरिता आतून बारीक खाचा पाडलेला मातीचा खल असतो, आपला दगडी खलबत्ताही चालतो. दोन मोठे चमचे व्हिनेगरमध्ये चमचाभर साखर विरघळवावी आणि हे तेल ओतण्याच्या आधीच करावे, कारण साखर तेलात विरघळत नाही. मग तितकाच सोया सॉस, किसलेल्या आल्याचा रस, एक मोठा चमचा साधे तेल, आणि भाजलेल्या तिळाचे तेल केवळ गंधापुरते. सोया सॉस फिकट रंगाचा असेल तर हात आवरावा: तो दिसतो सौम्य, पण मिठाने गडद सॉसहून अधिक कडक असतो.

या पाच मिनिटांच्या पाठीशी केवढा अवकाश उभा आहे! सोयाबीन आणि गहू यांवर बुरशी चढवून ते मिठाच्या पाण्यात निदान सहा महिने आंबवावे तेव्हा सोया सॉस होतो; शोदोशिमा बेटावर तो आजही देवदारी पिंपांत मुरतो, आणि तिळाच्या तेलाची एक जुनी पेढी १८५८ साली त्याच बेटावर सुरू झाली. १९०८ साली प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्रवनस्पतीतून ग्लुटामेट वेगळे काढून ज्या चवीला उमामी हे नाव दिले, ती या सॉसमध्ये विपुल आहे. आपल्या षड्रसांच्या यादीत तिला स्वतंत्र आसन नाही, ही उणीव म्हणावी की यादीची शिस्त, हे मी वैद्यांवर सोपवितो.

पाने मात्र धुऊन पूर्ण कोरडी करावी, आणि ड्रेसिंग पान वाढण्याच्या क्षणीच घालावे. कोशिंबिरीत मीठ आधी पडले तर तिला जसे पाणी सुटते, तसेच येथेही सुटून सारा डौल मावळतो. उरलेले बाटलीत भरून थंड जागी ठेवावे. तेल वर तरंगेल, बाटली हलविली की पुन्हा मिसळेल; आल्याचा तिखटपणा तेवढा दुसऱ्या दिवशी उतरलेला असेल, तेव्हा ते सॅलडला न घालता उकडून पिळलेल्या पालकावर किंवा गार टोफूवर ओतावे, आणि या कामी तेल न ढवळता वरचे वरच राहू दिले तरी चालते.