नारा : एक ओळखीचे परके गाव

जपानला जाऊन आलेला मनुष्य सहसा दोन गोष्टींविषयी बोलतो : वेळेवर सुटणाऱ्या आगगाड्या आणि बहरलेली चेरीची झाडे. मीही तेवढ्यावरच थांबलो असतो. पण क्योतोहून गाडीत बसून तासाभराच्या आत आम्ही नारा ह्या गावी उतरलो, आणि आपण परमुलखात आहो ह्याचा मला जरा विसरच पडला.

आठव्या शतकात नारा ही जपानची राजधानी होती. आज तिथले राज्य हरणांचे आहे. हजाराहून अधिक हरणे गावात मोकळी हिंडतात आणि हातात तांदळाच्या कोंड्याचे बिस्कीट दिसले की मान लववून नमस्कार करतात. “अहो, हे तर सारनाथचं मृगवन!” सौ. उद्गारली. पण ही हरणे बुद्धाची नव्हेत. ती जवळच्या कासुगा ह्या शिंतो देवस्थानाची. तिथला देव पांढऱ्या हरणावर बसून आला, अशी कथा आहे. जपानचे जुने देव आणि पाहुणा बुद्ध ह्यांचे बिऱ्हाड असे शेकडो वर्षे एकाच आवारात नांदले. १८६८ साली सरकारी हुकुमाने त्यांची वाटणी झाली, आणि त्या धामधुमीत कित्येक बौद्ध मूर्ती फोडल्या गेल्या. भाऊबंदकी काही आपल्याकडेच होते असे नाही!

हरणांच्या गराड्यातून सुटून आम्ही तोदाईजी ह्या मंदिरात शिरलो. आत पद्मासनावर बसलेला बुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे. ब्राँझची एवढी मूर्ती घडवण्याचे कारण ऐकून मन हलले. ७३५ ते ७३७ ह्या वर्षांत देवीच्या साथीने जपानात हाहाकार माजवला होता. त्यानंतर शोमु सम्राटाने ७४३ साली महाबुद्धाचा संकल्प सोडला आणि जाहीर केले की, कुणी गवताची काडी किंवा मूठभर माती घेऊन आला तरी त्याचा हातभार स्वीकारावा.

मूर्ती उभी राहिली. आता प्राणप्रतिष्ठा कुणी करायची? मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखण्याचा तो विधी ७५२ साली झाला, आणि कुंचला होता बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हाती! हा बोधिसेन चीनमार्गे ७३६ साली जपानला पोहोचला होता. बुद्धाचा धर्म भारतातून मध्य आशियात, तिथून चीनमध्ये, चीनमधून कोरियात आणि सहाव्या शतकात कोरियातून जपानात, असा टप्प्याटप्प्याने गेला. हा गृहस्थ मात्र एका जन्मात त्या टोकाला जाऊन ठेपला. त्याच्या कुंचल्याला लांबलचक दोऱ्या बांधल्या होत्या, आणि जमलेल्या लोकांनी त्या हाती धरल्या, म्हणजे डोळे सर्वांनी मिळून उघडले! तो कुंचला आणि निळी दोरी शोसोइन ह्या भांडारात अजून जपून ठेवलेली आहे.

पण मंदिराच्या नशिबी स्वास्थ्य नव्हते. ११८० साली लढाईत ते जळाले. मूर्ती दुरुस्त झाली, आणि ११८५ साली गो-शिराकावा ह्या निवृत्त सम्राटाने बोधिसेनाचाच जुना कुंचला काढून पुन्हा डोळे रेखले. १५६७ साली पुन्हा आग! पुढे जवळजवळ शंभर वर्षे बुद्ध उन्हापावसात उघडा बसून होता. सध्याचे मंदिर १७०९ सालचे आणि मूळच्यापेक्षा बरेच अरुंद. मूर्तीचे मस्तकही सतराव्या शतकातले. मूळ भाग म्हणून दाखवतात त्या खालच्या कमळाच्या काही पाकळ्या.

रात्री आमच्या खानावळीत यजमानीणबाईंची नात घोकत होती : “अ, इ, उ, ए, ओ... क, स, त, न, ह, म, य, र, व.” मी कान टवकारले. ही तर आपली वर्णमाला! जुन्या जपानीत ‘ह’च्या जागी ‘प’ होता आणि ‘स’चा उच्चार ‘च’च्या जवळचा होता, असे भाषापंडित सांगतात. म्हणजे क, च, त, प, य, र, व हा आपलाच क्रम. संस्कृत मंत्रांचे उच्चार शिकण्यासाठी भिक्षूंनी सिद्धम् लिपी गिरवली, त्यातून हा क्रम त्यांच्या अक्षरांना मिळाला. आपली सरस्वतीही तिथे बेंतेन होऊन त्यांचे तंतुवाद्य हाती घेऊन बसली आहे.

दुसऱ्या दिवशी जवळच्या होर्यूजीला गेलो. इथल्या इमारती जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी आहेत. मुख्य मंदिराच्या अंधुक उजेडात भिंतीवरचे बोधिसत्त्व दिसू लागले. तीच झुकलेली मान, तेच अर्धोन्मीलित डोळे! सौ. हळूच म्हणाली, “हा आपला अजिंठ्याचा पद्मपाणी.” तज्ज्ञांनीही ह्या चित्रांची तुलना अजिंठ्याशी केली आहे.

पण आम्ही पाहत होतो त्या नकला होत्या. अस्सल चित्रे २६ जानेवारी १९४९ रोजी आगीत होरपळली, आणि तीही नकला उतरवण्याचे काम चालू असताना! त्या धक्क्याने पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. आजही तिथे २६ जानेवारी हा असा ठेवा आगीपासून वाचवण्याचा दिवस म्हणून पाळतात.

१९४० साली सुरू झालेल्या त्या नकलांच्या कामात आराई काम्पो हे एक प्रमुख चित्रकार होते. १९१६ साली रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले होते आणि त्याच मुक्कामात अजिंठ्याला जाऊन तिथल्या चित्रांच्या नकला त्यांनी उतरल्या होत्या. त्या नकला १९२३ च्या भूकंपात तोक्योत नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या रेषेवर बसलेला तोच हात पुढे होर्यूजीच्या भिंतीवर राबला. १९४५ साली काम्पो वारले. आग त्यांना पाहावी लागली नाही. पुढे १९६८ पर्यंत जुनी छायाचित्रे आणि नकला ह्यांच्या आधारे जपानी चित्रकारांनी सगळ्या भिंती पुन्हा रंगवल्या.

जळाले की पुन्हा उभारायचे, पुसले की पुन्हा रेखायचे, हा त्या लोकांचा हट्ट मला मोठा वाटला. आपण पाठवले ते त्यांनी नुसते पेटीत घालून ठेवले नाही. ते पुनःपुन्हा हाताने केले, म्हणून ते त्यांचे झाले. आपल्या अजिंठ्याच्या भिंती अजून अस्सल आहेत, पण तो गिलावा काही अमर नव्हे.

परतीच्या गाडीत सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन जळगावची गाडी पकडायची. मुंबईहून एका रात्रीचा तर प्रवास!”

तिकिटे काढून ठेवली आहेत.