धूर आणि विस्तव

माझी नात यंदां बारावींत आहे. परवां सायंकाळीं ती गणिताचें पुस्तक घेऊन ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, हें कांहीं मला पटत नाहीं." पुस्तकांतील पहिलाच धडा तर्कशास्त्राचा. 'जर अमुक, तर तमुक' या विधानाचे चार प्रसंग कोष्टकांत मांडलेले, आणि त्यांत 'जर'चा भाग खोटा असला तरी सबंध विधान खरें धरलेलें! "असें कसें?" हा तिचा प्रश्न.

मी पडलों जुना मास्तर; माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. गणिती तर्कशास्त्र माझ्या वांट्यास आलें नाहीं. परंतु वडिलांनीं लहानपणीं अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकविला होता, तो कामास आला.

मीं म्हटलें, "समज, 'मोसंबीला भाव आला, तर तुला सायकल घेईन,' असें वचन मीं दिलें. तें मोडलें केव्हां म्हणशील?" पाचोडची मुलगी, मोसंबीच्या बाजाराची गोष्ट तिला निराळी सांगावी लागत नाहीं. ती म्हणाली, "भाव आला आणि तुम्हीं सायकल घेतली नाहीं, तर."

"आणि भाव न येतांच घेतली तर?"

"मग तुम्हांला खोटें कोण म्हणेल?"

"दोन्हीही झालें नाहीं तर?"

"तरीही वचन मोडलें नाहीं."

चारांपैकीं एकाच प्रसंगीं वचन भंगतें, एवढेंच तें कोष्टक सांगतें. ग्रीस देशांतील मेगारी पंथाच्या फिलो या पंडितानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकाच्या सुमारास 'जर-तर'चा हाच अर्थ सांगितला होता.

पुढें खरा धोक्याचा भाग. "धूर असेल तेथें विस्तव असतो, मग विस्तव असेल तेथें धूर असतोच काय?" ती चटकन् 'हो' म्हणाली. आमच्या नैयायिकांनीं यावर तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दृष्टान्त दिला आहे. त्यांत अग्नि आहे, पण धूर नाहीं. कारण धूर निघण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो. या आड लपलेल्या अटीस ते 'उपाधि' म्हणतात. 'विस्तव नाहीं तेथें धूर नाहीं,' हें मात्र बिनधोक. तिला व्यतिरेकव्याप्ति म्हणतात. नैयायिकाची व्याप्ति आणि गणित्याचें 'जर-तर' अगदीं एक नव्हेत. गणिती केवळ खरेंखोटें पाहतो. नैयायिकास दोहोंचें नित्य साहचर्य पाहिजे, आणि स्वयंपाकघरासारखें पाहिलेलें उदाहरणही. परंतु विधान उलटें केलें म्हणजे तें आपोआप खरें राहत नाहीं, याविषयीं दोघांचें एकमत आहे.

हें सांगतां सांगतां मी थबकलों. हीच चूक मीं एकदां केली होती, आणि ती कागदावर नव्हे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत सहलीसाठीं जमविलेले पैसे नाहींसे झाले. 'ज्यानें घेतले, तो माझ्या नजरेला नजर देणार नाहीं,' असें म्हणून मी एकेका मुलासमोर उभा राहिलों. एकानें मान खालीं घातली. सर्वांदेखत मीं त्याला छड्या मारल्या. चार दिवसांनीं पैसे हजेरीपटाच्या पुठ्ठ्यांत सांपडले. ते मींच तेथें ठेवले होते. सहलीचे पैसे भरतां आले नाहींत या लाजेनें त्यानें मान खालीं घातली होती, असें त्याच्या सोबत्यानें मला मागाहून सांगितलें. ती उपाधि मला दिसली नाहीं. आणि 'तर्कसंग्रह' तर तोंडपाठ होता! मी त्याच्या घरीं गेलों, तों दाराला कुलूप. कुटुंब ऊसतोडीला गेलेलें. मुलगा पुन्हां शाळेंत आला नाहीं.

"मग तुम्हीं काय केलेंत?" नातीनें विचारलें. त्या दिवसापासून मीं छडी हातीं धरली नाहीं. परंतु हें त्या मुलाला कधींच कळलें नाहीं, म्हणून याला प्रायश्चित्त म्हणण्याचा धीर मला होत नाहीं.

वाचकहो, घरोघर आपण मुलांविषयीं, सुनांविषयीं, गड्यामाणसांविषयीं अशींच अनुमानें करीत असतों. बोलत नाहीं, म्हणून रागावली. घाबरला, म्हणून अपराधी. विधान उलटें फिरविण्यापूर्वीं तो तापलेला लोखंडी गोळा क्षणभर आठवावा, एवढीच या म्हाताऱ्याची विनंति.