टाकून ठेवलेला अर्ज आणि आई-वडिलांची परदेशवारी

परदेशात स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे चार-सहा महिने राहून परत येणारे आई-वडील ही मराठी मध्यमवर्गात आता नित्याची गोष्ट झाली आहे. मात्र त्यांच्या नावाने स्थलांतराचा अर्ज एकदा दाखल झाला, की तीच वारी कायद्याच्या दृष्टीने निराळी ठरते, कारण ज्या देशात कायम राहण्याची परवानगी मागितली आहे त्याच देशात आपण केवळ पाहुणे म्हणून जात आहोत, हे त्यांना पटवून द्यावे लागते. अमेरिकेच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र आहे आणि तिचे मूळ व्हिसा अधिकाऱ्याच्या कठोरपणापेक्षा कुटुंबाने पुरेसा विचार न करता ‘टाकून ठेवलेल्या’ अर्जात अधिक असते.

अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्ट परदेशी व्यक्तींचे दोन वर्ग करतो : विशिष्ट कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी येणारे तात्पुरते प्रवासी आणि कायमचे राहायला येणारे स्थलांतरित. या कायद्याच्या कलम २१४(बी) नुसार तात्पुरता व्हिसा मागणारी व्यक्ती मुळात स्थलांतरितच आहे असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. १९९० च्या दुरुस्तीने एच-१बी, म्हणजे कुशल नोकरदारांचा व्हिसा, या गृहीतकातून वगळला. त्यामुळे ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम निवासाच्या परवान्यासाठी, अर्ज केलेला अभियंता मुलगा नोकरीच्या व्हिसावर ये-जा करू शकतो, पण त्याच्या आईला मिळणाऱ्या बी-२ या पर्यटक व्हिसाला ही सवलत नाही. एकाच घरात, एकाच इच्छेपोटी मुलाला मोकळीक आणि आईवर संशय, अशी ही रचना आहे.

आई-वडिलांसाठी अर्ज करण्याचा हक्क ग्रीन कार्डधारकाला नसून २१ वर्षे पूर्ण केलेल्या अमेरिकी नागरिकालाच आहे. नोकरीच्या आधारे दरवर्षी सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात व त्यांत एका देशाचा वाटा साधारणपणे ७ टक्क्यांपुरता मर्यादित असतो, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबते. पुढे नागरिकत्वासाठी सहसा आणखी ५ वर्षे थांबावे लागते आणि तोवर आई-वडील अनेकदा सत्तरीकडे झुकलेले असतात. नागरिकाच्या आई-वडिलांसाठी वार्षिक संख्येची मर्यादा नसल्यामुळे मग ‘आत्ता अर्ज टाकून ठेवू, जायचे की नाही ते पुढे बघू’ असा सल्ला घरोघरी दिला जातो.

हा अर्ज म्हणजे आय-१३०, ज्याने केवळ नाते सिद्ध होते. तो मंजूर झाला तरी प्रवेशाचा हक्क मिळत नाही, पण त्याची नोंद मात्र राहते. पर्यटक व्हिसाच्या डीएस-१६० या अर्जात, आपल्यासाठी कोणी स्थलांतराची याचिका दाखल केली आहे का, असा थेट प्रश्न असतो. ‘होय’ लिहिल्यास नकाराची शक्यता वाढते आणि जाणूनबुजून ‘नाही’ लिहिल्यास खोट्या निवेदनाबद्दल कायमची प्रवेशबंदी ओढवू शकते. १० वर्षांचा व्हिसा आधीपासून हाती असला तरी प्रश्न सुटत नाही, कारण प्रवेश द्यायचा की नाही आणि दिल्यास किती मुदतीचा, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो. ती मुदत आय-९४ या नोंदीत असते आणि व्हिसावर छापलेल्या तारखेवरून ती ठरत नाही. तरीही अर्ज प्रलंबित असताना भेटीला जाताच येत नाही, असे नाही. घर, निवृत्तिवेतन, भारतातील जबाबदाऱ्या आणि आधीच्या वाऱ्यांतून वेळेत परतल्याचा इतिहास भक्कम असेल, तर प्रवेश मिळू शकतो.

उदाहरणार्थ, दिल्लीतील निवृत्त मराठी कुटुंबांकडे असे पुरावे बहुधा असतात. कोपर्निकस मार्गावर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे प्रधान पीठ आहे, जेथे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवेविषयीचे आणि निवृत्तिवेतनाचे दावे चालतात. केंद्रीय सेवेतून निवृत्त होऊन राजधानीतच राहिलेल्या दांपत्याचा तेथे दावा चालू असेल आणि गावाकडे भाऊबंद असतील, तर ते परत येणार हे दाखवणे सोपे जाते. मात्र अमेरिकेत पोहोचल्यावर तिथेच राहण्याचा अर्ज केला, की हेच पाश अडचणीचे ठरतात.

भेटीसाठी गेलेले आई-वडील तिथेच आय-४८५, म्हणजे पाहुण्याचा दर्जा बदलून कायम निवासी होण्याचा अर्ज, करू शकतात. तथापि, हाच बेत मनात ठेवून ते पर्यटक म्हणून आत आले असे दिसल्यास मूळ प्रवेशच संशयास्पद ठरतो. परराष्ट्र खात्याच्या २०१७ पासूनच्या सूचनांनुसार प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत व्हिसाशी विसंगत वर्तन घडल्यास खोटे निवेदन केल्याचे गृहीत धरता येते. शिवाय ‘ॲडव्हान्स परोल’, म्हणजे परतण्याची पूर्वपरवानगी, न घेता त्यांनी देश सोडल्यास आय-४८५ त्यांनीच सोडून दिला असे मानले जाते. ही परवानगी मिळायला महिने लागू शकतात. तातडीच्या कारणासाठी ती लवकर मागता येते, पण वेळेत मिळेलच असे नाही. न्यायाधिकरणातील तारीख वकिलावर सोपवता येते, भावाच्या अंत्यविधीला मात्र प्रतिनिधी पाठवून भागत नाही.

मुदत उलटून राहिलेल्यांचा धोका याहून मोठा आहे. १९९६ च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्यानंतर देश सोडल्यास ३ वर्षांची आणि ते वास्तव्य वर्षभर वा अधिक झाल्यास १० वर्षांची प्रवेशबंदी लागू होते. २०१२ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने, वृद्ध आई-वडिलांना भेटण्यासाठी ॲडव्हान्स परोलवर भारतात ये-जा केलेल्या एका भारतीय दांपत्याच्या प्रकरणात, अशा प्रवासाला १० वर्षांची बंदी लागू करणारे ‘देश सोडणे’ म्हणता येणार नाही, असा निर्णय दिला; तो दिलासा मोठा असला, तरी परवानगी हाती असणे हीच त्याची अट आहे.

म्हणून भारतात थांबून वाणिज्य दूतावासामार्फत स्थलांतराचा व्हिसा घेणे अधिक सरळ ठरते. या मुलाखती मुख्यतः मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात होतात, त्यामुळे शांतिपथावरील राजदूतावास जवळ असूनही दिल्लीकरांना मुंबई गाठावी लागते. येथे अडथळा येतो तो नावांचा : लग्नात आडनावाबरोबर मुलीचे पहिले नावही बदलण्याच्या प्रथेमुळे मुलाच्या जन्मदाखल्यावरील आईचे नाव आणि पासपोर्टवरील नाव जुळत नाही, आणि राजपत्रातील नोंद किंवा विवाहाचा दाखला अशा कागदांनी ती एकच स्त्री असल्याचे सिद्ध करावे लागते.

इतर देशांनी हा पेच वेगवेगळ्या रीतीने हाताळला आहे. कायम निवासाची इच्छा असणे हे तात्पुरत्या प्रवेशाच्या आड येत नाही, असे कॅनडाचा कायदाच सांगतो. तेथील २०११ पासूनच्या सुपर व्हिसावर, आरोग्यविमा वगैरे अटी पाळल्यास, जुलै २०२२ पासून एका खेपेस ५ वर्षांपर्यंत राहता येते. ब्रिटनमध्ये मात्र वास्तव्याचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेल्यास तो मागे घेतला असे समजतात, आणि ऑस्ट्रेलियात अर्ज निकाली निघेपर्यंत बाहेर जाऊन परतायचे असल्यास ब्रिजिंग व्हिसा-बी हा वेगळा परवाना आधी घ्यावा लागतो. पाहुणे होऊन येण्याची आणि कधीतरी कायम राहण्याची अशा दोन्ही इच्छा एकाच आईच्या मनात असू शकतात, हे मान्य करणारी कॅनडाची भूमिका अधिक वास्तववादी आहे.

ग्रीन कार्ड म्हणजे लांब मुदतीचा पर्यटक व्हिसा नव्हे. ते मिळाल्यावर अमेरिका हेच घर मानावे लागते आणि वर्षभर वा अधिक काळ बाहेर राहायचे असल्यास निघण्यापूर्वी पुनर्प्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. वर्षातील बरेच महिने भारतातच काढण्याची इच्छा असलेल्या आई-वडिलांसाठी पर्यटक व्हिसाच योग्य आहे, आणि त्यांच्या नावाने आय-१३० भरून तो धोक्यात घालू नये. तेव्हा मुलांनी अर्ज भरण्याआधी आई-वडिलांना एकच प्रश्न मोकळेपणाने विचारावा, की त्यांना खरोखर तिथे राहायचे आहे का. उत्तर ‘माहीत नाही’ असे आले, तर अर्ज न भरणे हाच शहाणपणा आहे.