वाढत्या मापाची गाडी

डर्ट बाइक घ्यायला निघालेला माणूस आपल्याकडे आधी सीसी विचारतो आणि मग किंमत. मीही हे दोनच प्रश्न विचारले. लाज वाटावी अशी गोष्ट ही, की मी वाळूजला शॉकअपचे भाग बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. मायक्रोमीटरवर चार-दोन मायक्रॉन इकडेतिकडे दिसले तर अख्खा लॉट बाजूला काढायला लावतो. घरी मात्र मुलीच्या पायाची लांबी, तिचं वजन, काहीही न मोजता मी तिच्यासाठी लाखांतली गाडी आणून उभी केली.

छत्रपती संभाजीनगरात हा आजार तसा घरोघरचा आहे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्यामागे व्हेंडर आले, बजाजनगर नावाची वसाहतच उठली. शॉकअप, ब्रेक, क्लच बनवणारी एन्ड्युरन्स इथलीच. बजाज आणि कावासाकीची भागीदारी होती तेव्हा केबी १००, फोर-एस चॅम्पियन, बॉक्सर या गाड्यांवर आमच्या आधीच्या पिढीने संसार वाहिले. त्यामुळे इथे दर दुसऱ्या घरात गाडीतलं सगळं कळणारा एकजण निघतो. त्याला कळत असतो तो त्याच्या शॉपमधला एक पार्ट. मी त्यातलाच.

मुलगी अकरा वर्षांची असताना तिला कावासाकीचीच जुनी केएलएक्स ११० घेतली होती. ती निवड चुकून बरोबर आली. सीट जमिनीपासून ६८० मिलिमीटर, वजन ७६ किलो, गिअर चार आणि क्लच ऑटोमॅटिक. तिसगावच्या बाजूला माझ्या मेहुण्यांची पडीक जमीन आहे, मुरमाड. रविवारी पहाटे छोट्या हत्तीत गाडी चढवायची आणि ऊन तापायच्या आत परतायचं. पोरगी पडायची, उठायची, कपडे झटकायची. तिच्या कपाटावर ऐश्वर्या पिस्सेचा फोटो लागला. बंगळुरूची ही मुलगी २०१९ मध्ये बाजा विश्वचषकात महिलांच्या गटात पहिली आली होती.

तेराव्या वर्षी मुलगी सरसर वाढली. मग ती दोन गोष्टी सांगायला लागली. "पप्पा, उडी मारली की गाडी खाली आपटते," आणि "वळताना हँडल गुडघ्याला लागतं." तिने तक्रार अगदी नेमकी केली होती. दोन्हींना इलाज होता: पुढे-मागे कडक स्प्रिंग, थोडं उंच हँडल, सीटला जाड फोम. शॉकअपच्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला 'खाली आपटते' म्हटल्यावर स्प्रिंग आठवायला हवी होती. मला नवी गाडी आठवली.

त्यात २८ जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. आम्ही दोघं बघायला गेलो. स्टेडियममध्ये माती आणून उंचवटे रचलेले आणि त्यांवरून घराएवढ्या उंच उड्या घेणारे रायडर. परतीच्या बसमध्ये ती झोपून गेली. मी मोबाइलवर विकाऊ गाड्या बघत बसलो. डोक्यात हवा गेली होती ती माझ्या.

लवकरच एक जुनी केएक्स १०० सापडली. ९९ सीसी. माझं गणित असं: पोरगी ११२ सीसीची चालवतेच आहे, ही तर ९९ ची, म्हणजे झेपेलच. इतकं बाळबोध गणित मी कंपनीत कुणाच्या रिपोर्टमध्ये पाहिलं असतं तर त्याला उभं करून झापलं असतं. केएलएक्स ही फोर-स्ट्रोक, शिकणाऱ्यांसाठी बनवलेली. केएक्स टू-स्ट्रोक आणि थेट शर्यतीची. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला इंधन पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक. शिवाय शर्यतीचं इंजिन खालच्या आरपीएमला गप्प असतं. थ्रॉटल पिळत जावं तर आधी काहीच घडत नाही आणि मग सगळी ताकद एकदम येते. सहा गिअर, आणि क्लच हाताचा, जो तिने कधी दाबलेलाच नव्हता.

हे मला माहीत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. कॉलेजात मी आरएक्स १०० चालवलीय. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर. १९९६ ला बंद झाली, पण तिचा आवाज आला की आमची पिढी अजून मान वळवते. त्या जुन्या प्रेमाच्या भरात मी ठरवून टाकलं, की शंभरची टू-स्ट्रोक म्हणजे आपल्या घरातलीच. ऑफिसला जायला बनवलेली गाडी आणि उड्या मारायला बनवलेली गाडी यांच्यात फक्त आकडा सारखा होता.

आता उंची. केएक्सची सीट ८७० मिलिमीटरवर. आधीच्या गाडीपेक्षा १९ सेंटिमीटर वर. गाडी घरी आली तेव्हा तिचा एका बाजूचा चवडाही नीट टेकेना. मी म्हणालो, "वाढतं अंग आहे, वर्षभरात पोचेल." गुलमंडीवर शाळेचा युनिफॉर्म घेताना आईवडील जसं दोन बोटं जास्तीचं माप मागतात, तशी मी मोटारसायकल घेतली होती. युनिफॉर्मची बाही दुमडता येते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. सगळे पैसे गाडीत गेले होते, म्हणून हेल्मेट आणि बूटही वाढत्या मापाचे घेतले. ही यातली सर्वांत वाईट चूक, आणि ती करताना मला आपण काटकसरी आहोत असं वाटत होतं. हेल्मेट घातल्यावर गालांवर दाब आला पाहिजे. डोकं हलवलं की कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. तिचं हेल्मेट नकारार्थी मान हलवली की मागून सावकाश यायचं. बुटात पुढे इतकी जागा होती, की गिअर टाकताना पायाला लिव्हरचा अंदाजच लागायचा नाही. मोठा गुडघा-गार्ड घसरून नडगीवर यायचा. तिने एकदा सांगितलं. मी जाड मोजे घालायला सांगितले.

एक गोष्ट सांगायची राहून जाईल म्हणून इथेच सांगतो. संध्याकाळी मी तिला गल्लीत 'एकच चक्कर' मारू द्यायचो. या गाडीचं आरटीओ पासिंग होत नाही. नंबर नाही, दिवा नाही, सार्वजनिक रस्त्यावर तिला जागाच नाही. कोर्टातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी एक दिवस मला फाटकाशी गाठलं आणि शांतपणे कायदा सांगितला. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स, बाकीच्यांना अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. त्यानुसार अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "पंचविशीपर्यंत," काका पुन्हा म्हणाले. गल्लीतल्या चकरा त्या दिवशी बंद झाल्या.

तिसगावच्या जमिनीवर मात्र प्रयोग चालू राहिले. शहागंजकडचे एक उस्ताद कार्बोरेटर लावून द्यायला आले होते. दोन फेऱ्या बघितल्या आणि म्हणाले, "साहब, बच्ची बैठी नहीं है, टंगी है." मला राग आला. त्यांना त्यांचे पैसे दिले आणि पाठवून दिलं.

ती पडली तेव्हा वेग जवळजवळ शून्य होता. चढावर इंजिन बंद पडलं, तिने उताराच्या बाजूला पाय टाकला आणि तिथे जमीन नव्हती. ७७ किलोची गाडी आणि ४२ किलोची पोरगी सावकाश आडवी झाली. हेल्मेट डोळ्यांवर फिरलेलं, आणि डावा हात खाली.

मनगटाजवळच्या हाडाला चीर गेली होती. डॉक्टरांनी एक्स-रे प्रकाशासमोर धरला आणि हाडाच्या टोकाजवळची एक बारीक काळसर रेघ दाखवली. लहान वयात हाड तिथून वाढतं, त्या कूर्चेला धक्का बसला तर पुढे हात आखूड किंवा वाकडा राहू शकतो, म्हणून मुलांचं मनगट मोठ्या माणसांच्या मनगटासारखं समजू नका, म्हणाले. मग मला धीर द्यायला पुढचं वाक्य बोलले: "चीर तिथपर्यंत गेलेली नाही. आणि तसंही रेघ बरीच बुजत आलीय, हिची वाढ आता थोडीच राहिलीय."

मी तिथे उभा राहून मनात सीटची उंची मोजत होतो. जी वाढ गृहीत धरून सगळं घेतलं होतं, ती होणारच नव्हती.

घरी हे सांगितल्यावर बायकोने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "मला विचारायचं होतं ना. पाळी सुरू झाल्यावर मुली दोन वर्षांत काय वाढायच्या तेवढ्या वाढतात. माझी उंची किती, माझ्या आईची किती? तिचा पाय काय केएक्स बघून लांब होणार होता?" घरात दोन बायका, एक जिला चालवायचं आहे आणि एक जिला सगळं माहीत आहे, आणि गाडी पसंत केली मी.

हाताचं प्लास्टर निघेपर्यंत मला माझं काम करायला वेळ मिळाला. ती बरी झाल्यावर गाडी घोडीवर घेतली, मागचं चाक अधांतरी. अ‍ॅक्सलपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत माप घेतलं. मग गाडी खाली उतरवली, ती बूट, हेल्मेट, सगळं घालून बसली, पुन्हा माप. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. या गाडीचं मागचं चाक एकूण २७५ मिलिमीटर खालीवर होतं. त्याचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे नव्वदच्या आसपास, रायडर बसल्यावर दबला पाहिजे. दबले जेमतेम पन्नास. आधीचा मालक चांगला आडदांड होता आणि त्याने स्वतःच्या वजनाची कडक स्प्रिंग टाकलेली. विकणाऱ्याने ते लपवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. मऊ स्प्रिंग टाकली, सीटचा फोम कापून घेतला. आता दोन्ही चवडे टेकतात. रेसिंगच्या गाडीवर तेवढंच हवं असतं. टाच टेकत असेल तर गाडी लहान आहे असं समजावं.

क्लच ती माझ्या जुन्या स्प्लेंडरवर शिकली, त्याच मुरमाड जमिनीत. हे केएक्स आणण्याच्या आधी करायला हवं होतं, त्याला एक पैसाही लागत नव्हता. केएलएक्स मी घाईघाईने विकून बसलो होतो, नाहीतर मधले महिने ती त्यावरच सुखाने काढती. त्या उस्तादांना मी फोन केला. ते आले, चहा घेतला, एक फेरी बघितली आणि या वेळी काही बोलले नाहीत. पुढचं ब्रेक लिव्हर तेवढं तिच्या बोटांजवळ आणून दिलं, जे मला सुचलं नव्हतं.

केएक्स १०० वाईट गाडी आहे असा या लिखाणाचा अर्थ कुणी काढू नये. उंच, वजनदार, क्लच येणाऱ्या पोराला ती छान चालते. तुमचं मूल तसं आहे का, हे टेप आणि वजनकाटा सांगेल, आणि ते कुठे अडतंय हे मूल स्वतः सांगेल. सांगतच असतं.

शहरात अशी मुलं असलेली घरं मोजकीच आहेत. आम्ही काहीजणांनी बूट, गुडघा-गार्ड, छातीचं कवच अशी लहान झालेली सामग्री एकमेकांत फिरवायला सुरुवात केली आहे, म्हणजे वाढत्या मापाचं घ्यायची वेळ कुणावर येऊ नये. तुमच्या माळ्यावर काही पडून असेल तर द्या, लागत असेल तर मागा. हेल्मेट मात्र यात घेत नाही. ते आधी कुठे आपटलंय हे बाहेरून दिसत नाही, म्हणून ते नवीनच घ्या, आणि आजच्या डोक्याच्या मापाचं.