टोपी विणणाऱ्या मुलांचं बेट

बालमित्रांनो, तुमच्या घरी लोकरीचं विणकाम कोण करतं? आजी, आई, नाहीतर मावशी. बरोबर ना? ‘आमचे बाबा’ असं सांगणारा वर्गात एखादाच निघेल. आणि मुलग्यांनो, तुमच्यापैकी कुणी सुया हातात घेतल्याच, तर “हे काय मुलींचं काम!” म्हणून हसणारं कुणीतरी भेटतंच. आज मी तुम्हांला अशा ठिकाणी नेणार आहे, जिथे विणकाम न येणारा मुलगाच शोधावा लागेल!

उघडा नकाशाची वही. दक्षिण अमेरिका खंडात पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर एक मोठं सरोवर दिसेल. हे टिटिकाका. समुद्रसपाटीपासून त्याची उंची आहे सुमारे ३,८१० मीटर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं, तरी आपण या सरोवराच्या पाण्यापर्यंत पोहोचणार नाही!

पेरूमधल्या पुनो शहराच्या धक्क्यावरून लाँच निघते. सुमारे तीन तास निळंशार पाणी कापत गेलं, की समोर येतं ताकिले बेट. जेमतेम साडेपाच किलोमीटर लांब आणि दीड-पावणेदोन किलोमीटर रुंद. इथे मोटारगाड्या नाहीत. धक्क्यावरून गावात जायला पाचशेपेक्षा जास्त दगडी पायऱ्या चढायच्या. हवा विरळ, त्यामुळे दहा-वीस पायऱ्यांतच धाप लागते. मग बसा निवांत एखाद्या दगडावर आणि बघा आजूबाजूला.

तो बघा, एक माणूस पायवाटेनं चाललाय. चालता चालता त्याचे हात भराभर हलताहेत. बारीक तारेसारख्या सुया, गळ्याभोवतून घेतलेला लोकरीचा धागा आणि सुयांवर अर्धी झालेली टोपी! ताकिलेचे पुरुष चालताना, गप्पा मारताना, मेंढ्यांवर लक्ष ठेवताना विणत असतात. सूतकताई आणि कमरेचे पट्टे विणणं हे बायकांचं काम, आणि सुयांवरचं विणकाम पुरुषांचं. इथली मुलं सात-आठ वर्षांची झाली, की वडिलांच्या किंवा आजोबांच्या शेजारी बसून पहिले टाके घालायला शिकतात.

या टोपीला म्हणतात ‘चुयो’. नुसती थंडीसाठी नाही हं ती! टोपीकडे बघून माणसाची माहिती कळते. वरचा भाग पांढरा आणि खालचा लाल नक्षीचा असेल, तर समजावं, याचं लग्न व्हायचंय. सगळी टोपी लाल नक्षीदार असेल, तर लग्न झालंय. आहे की नाही गंमत?

आणि लग्नाआधी म्हणे एक परीक्षाही असते. मुलानं स्वतः विणलेली टोपी उलटी धरून तिच्यात पाणी ओततात. टाके घट्ट आणि एकसारखे असतील, तर पाणी लगेच गळत नाही. सैल विणलेल्या टोपीतून मात्र धार लागते! पाणी थोपवणारी टोपी विणायला बारीक धागा लागतो, असंख्य टाके लागतात आणि महिनाभर, कधी त्याहूनही जास्त, चिकाटी लागते. मुलगा कामाला कसा आहे, हे तोंडानं सांगावंच लागत नाही. ते त्याच्या डोक्यावरच असतं!

गंमत म्हणजे, सुयांवरचं विणकाम मूळचं इथलं नव्हे. हातमागावरची कापडं इथले लोक हजारो वर्षं विणत आले आहेत, पण सुया आल्या सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर. परक्यांची कला या बेटानं अशी आपली केली, की युनेस्कोनं २००५ साली ताकिलेच्या वस्त्रकलेचा गौरव केला आणि २००८ साली तिला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आता प्रवासी मुद्दाम या टोप्या घ्यायला येतात. पण विकायची टोपी वेगळी आणि स्वतःची वेगळी. स्वतःच्या टोपीत कुणी घाई करत नाही.

मग काय, दोस्तांनो, करून बघायची का एक टोपी? मुली आणि मुलगे दोघांनीही! जाडसर लोकर आणि दोन सुया घ्या. टाके घालायला आजीकडून शिका. सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्याच. डोक्याचा घेर मोजा, त्याहून तीन-चार सेंटिमीटर कमी रुंदीची आणि साधारण बावीस सेंटिमीटर उंचीची पट्टी विणा. दोन्ही बाजू शिवून नळी करा. वरच्या कडेतून लोकर ओवून बटव्यासारखी आवळा आणि गाठ मारा. झाली टोपी!

पहिल्यांदा टाका सुटेल, पट्टी वाकडी होईल. चिडू नका. उसवा आणि पुन्हा घाला. ताकिलेच्या मुलांच्याही पहिल्या टोप्या काही सरळ होत नसतील! आणि कुणी हसलंच, तर टोपी डोक्यावर चढवून विचारा, “तुझी टोपी कुणी विणली रे?”