उघडी वही

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते आणि तिचा बैलबाजार ठाणे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. बैलबाजारांची एक जुनी रीत अशी की, सौद्याचा आकडा तोंडाने बोलायचा नाही. दलाल आणि गिऱ्हाईक यांचे हात रुमालाखाली जातात, बोटे धरली-दाबली जातात आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना भावाचा पत्ता लागत नाही. ज्याला बोटांची भाषा येते त्याचा बाजार. ज्याला येत नाही त्याने दलालाच्या चेहऱ्याकडे पाहात राहायचे. ही भाषा कोणी वर्गात शिकवत नाही. बापाकडून मुलाकडे, दलालाकडून त्याच्या हाताखालच्या पोराकडे ती जाते.

पेढीवरचे ज्ञानही बराच काळ असेच चालत आले. कीर्द कशी लिहावी, खतावणी केव्हा करावी, ताळेबंद जुळला नाही तर चूक आधी कोठे शोधावी, हे मुनीम समजावून सांगत नसे. शेजारी बसून पाहणाऱ्या मुलाने ते आपोआप उचलायचे असे. मुनीम धडधाकट आहे तोवर यात काही बिघडत नाही. तो आजारी पडला किंवा गावी निघून गेला की मात्र घरच्यांना आपल्याच चोपड्या परक्या होतात. महाराष्ट्रात मोडी लिपीतील असंख्य कागदपत्रे आज बासनांत बांधलेली आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारे थोडे.

संगणक दुकानात आला तेव्हा हा रुमाल आता दूर होईल अशी अपेक्षा होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि नोंदणी असलेल्या लहान दुकानालाही संगणकावर बिल करणे जवळजवळ भाग पडले. म्हसा-मुरबाडकडच्या किराणा, कापड किंवा बी-बियाण्यांच्या दुकानात ही गोष्ट साधारणतः एकाच पद्धतीने घडते. शहरातून सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस येतो, अर्ध्या तासात बोटे भराभर चालवून सारे दाखवतो आणि निघून जातो. महिनाअखेरीस काही अडले की फोन. फोन लागला नाही तर थांबा. मग घरातले कोणीतरी, बहुधा शिकलेली सून किंवा महाविद्यालयात जाणारा मुलगा, शाळेच्या जुन्या वहीत टिपून ठेवू लागते: आधी अमुक दाबायचे, मग तारीख पाहायची, गिऱ्हाइकाचे नाव नसेल तर आधी नवे खाते उघडायचे, नंतरच बिल. तेलाचे डाग पडलेली ती वही गल्ल्याशेजारी असते. सून चार दिवस माहेरी गेली आणि वही तिच्या कपाटात राहिली, तर दुकानात पुन्हा हाताने पावत्या फाडाव्या लागतात.

ती वही म्हणजे त्या दुकानाची मार्गदर्शिका होय. लिहिणारीला तसे कधी वाटत नाही, एवढेच.

अशाच वह्या जगभरातील माणसे मिळून लिहीत आहेत, आणि त्यांतील बहुतेक जण एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेले नसतात. मुक्त किंवा ओपन सोर्स म्हटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची आज्ञावली कोणालाही पाहता येते, दुरुस्त करता येते, दुसऱ्याला देता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून ही चळवळ उभी आहे. तिच्यातील ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ फुकट असा नाही, हे तिचे कार्यकर्ते पुनःपुन्हा सांगत आले आहेत. व्यापारी माणूस फुकटच्या वस्तूकडे संशयाने पाहतो, आणि त्याचे पाहणे योग्यच आहे. मुक्त सॉफ्टवेअरचीही किंमत असतेच. ती शिकण्याच्या वेळेत मोजावी लागते. चांगली मार्गदर्शिका हाताशी असेल तर ती किंमत उतरते. नसेल तर फुकट मिळालेले सॉफ्टवेअर विकतच्यापेक्षा महाग पडते. स्वतः स्टॉलमन यांनीच एके ठिकाणी कबूल केले आहे की, मुक्त संगणकप्रणालींची सर्वांत मोठी उणीव आज्ञावलीत नसून चांगल्या मुक्त माहितीपुस्तिकांच्या अभावात आहे. पुस्तिकांसाठी स्वतंत्र मुक्त परवाना मार्च २००० मध्ये तयार झाला तो याच जाणिवेतून. त्याच्या आधी, १९९२ पासून, लिनक्सच्या वापरकर्त्यांनी आपापल्या अनुभवाच्या टिपणांचा संग्रह उभारायला घेतला होता. मुद्रणयंत्र कसे जोडावे, अमुक भाग चालत नसेल तर काय करावे, अशा अत्यंत साध्या प्रश्नांची ती उत्तरे होती. २०१० मध्ये स्वतंत्र झालेल्या ‘लिब्रेऑफिस’च्या पुस्तिका आजही स्वयंसेवकच लिहितात आणि प्रत्येक पुस्तिकेच्या आरंभी लिहिणाऱ्या-तपासणाऱ्यांची नावे छापलेली असतात.

तरीही या कामाला माणसे मिळत नाहीत. ‘गिटहब’ने २०१७ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरशी संबंधित लोकांची पाहणी केली. अपुऱ्या किंवा जुन्या झालेल्या मार्गदर्शिकांचा त्रास ९३ टक्के लोकांनी नोंदवला. आणि त्याच पाहणीत, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी सांगितले की, मार्गदर्शिकांच्या कामाला आपण क्वचित हात लावतो किंवा कधीच लावत नाही. जेवणावळीला पंगत मोठी आणि वाढायला उभे कोणी नाही, असा हा प्रकार. कारण उघड आहे. नवी सोय बांधणाऱ्याचे नाव होते. तिच्याविषयी चार स्वच्छ वाक्ये लिहिणाऱ्याचे सहसा होत नाही. शिवाय लिहिण्यापेक्षा लिहिलेले राखणे कठीण, आणि खरी झीज तेथेच होते.

कापडाच्या दुकानाचे उदाहरण घ्यावे. पंधराशे रुपयांच्या तयार कपड्यावर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के कर होता. दुसऱ्या दिवशी, ऐन घटस्थापनेला, तो ५ टक्के झाला. अडीच हजारांपर्यंतचे तयार कपडे खालच्या दरात आले आणि १२ टक्क्यांचा टप्पाच रद्द झाला. सॉफ्टवेअरमधील दर बदलणे हे काही मिनिटांचे काम. पण त्या सॉफ्टवेअरची जी जी माहितीपुस्तिका १२ टक्क्यांचे उदाहरण घेऊन लिहिली होती, तिचे काय? तिच्यातील वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, चित्र सुबक आहे, आणि सांगितलेली गोष्ट चुकीची आहे. नवा नोकर ते पान पाहून बिल करील तर गिऱ्हाइकाकडून जास्त कर घेतला जाईल आणि सणाच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. काहीच न लिहिलेले असते तर त्याने निदान मालकाला विचारले असते. जुनी मार्गदर्शिका ही नसलेल्या मार्गदर्शिकेहून घातक ठरते ती अशी.

मराठीत हे काम झालेच नाही असे नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधील प्राध्यापक जितेंद्र शहा यांच्या पुढाकाराने ‘इंडिकट्रान्स’ या गटाने लिनक्सचा पडदा मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. त्या काळी संगणकावर मराठी अक्षर नीट उमटवणे हीच मोठी अडचण होती; जोडाक्षरे तुटत, वेलांट्या भलतीकडे जात. पुढे एकाच ‘सेव्ह’साठी एकाने ‘जतन करा’ लिहिले, दुसऱ्याने ‘साठवा’, म्हणून गोंधळ होऊ लागला. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युएल’ प्रकल्पाने पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी केली आणि प्रत्येक भाषेच्या लोकांनी एकत्र बसून एकच प्रतिशब्द ठरवावा अशी रीत घातली.

आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ची पद्धत तर या सर्वांत विशेष पाहण्याजोगी आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेला हा उपक्रम सरकारी निधीवर उभा राहिला आणि लिहिणाऱ्यांना मानधनही मिळत आले. म्हणून त्याला निव्वळ श्रमदान म्हणता येणार नाही. परंतु त्याची शिस्त स्वयंसेवकांनी उचलण्यासारखी आहे. सुमारे दहा मिनिटांचा एक धडा. आधी त्याची संहिता लिहायची आणि ती विषय अजिबात ठाऊक नसलेल्या नवख्या माणसाच्या हाती द्यायची. तो अडखळला तर दोष संहितेचा. मग तपासणी, मग ध्वनिमुद्रण, आणि त्यानंतर मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवेदन. पडदा इंग्रजीच राहतो, आवाज आपल्या भाषेत येतो. कारण उद्या नोकरीत किंवा दुकानात जो पडदा समोर येणार आहे तो इंग्रजीच असण्याचा संभव अधिक. हा व्यवहारी विचार आहे. भाषाभिमान्यांना तो रुचणार नाही, पण शिकणाऱ्याच्या तो उपयोगी पडतो.

व्यापाऱ्यांच्या अगदी दाराशी येणारा प्रकल्प म्हणजे ‘ग्नूखाता’. मुंबईच्या डिजिटल फ्रीडम फाउंडेशनने उभे केलेले हे मुक्त हिशेब-सॉफ्टवेअर. त्याच्या घडणीचे नेतृत्व करणारे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन आहेत. पाहता न येणारा माणूस पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या आधारे संगणक चालवतो. मार्गदर्शिकेत नुसती पडद्याची चित्रे असतील तर ती त्याच्या दृष्टीने कोरी पाने होत. ‘येथे दिसते तसे करा’ या वाक्याचा त्याला काय उपयोग? प्रत्येक पायरी शब्दांत लिहिली, तरच ती त्याच्यापर्यंत पोहोचते. गंमत अशी की, त्याच्यासाठी लिहिलेली ही शब्दांतील पायरी म्हशाच्या दुकानदारालाही अधिक सोयीची पडते: चित्र उतरायला वेळ लागतो, मोबाइलचे जाळे कधी असते कधी नसते, आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की चित्र आधी जुने होते.

हिशेबाच्या मार्गदर्शिका मराठीत आणायच्या तर आणखी एक अडचण समोर येते, आणि तिचे उत्तर संगणकतज्ज्ञांकडे नाही. तरुण अनुवादक शब्दकोश उघडतो आणि ‘डेबिट’साठी, ‘क्रेडिट’साठी जड शब्द शोधतो. पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या ‘नावे’ आणि ‘जमा’ हे दोन शब्द चालत आले आहेत. ‘उचल’, ‘बाकी’, ‘शिल्लक’, ‘उधारी’, ‘रोजमेळ’, ‘खतावणे’ हे सारे शब्द तयार आहेत, घासून गुळगुळीत झालेले आहेत. अनुवाद करणाऱ्या मुलाने हयातीत एकदाही रोजमेळ बंद केलेला नसतो, हा त्याचा अपराध नव्हे. ज्यांनी तो रोज रात्री बंद केला त्यांनी मार्गदर्शिकेकडे कधी पाहिले नाही, ही उणीव मात्र व्यापारी घरांचीच म्हणावी लागते. उधारीच्या गिऱ्हाइकाने अर्धी रक्कम रोख दिली आणि अर्धा माल परत केला, तर नोंद कशी करायची? असा प्रश्न आज्ञावली लिहिणाऱ्याच्या सहसा मनातही येत नाही. दुकानात तो आठवड्यातून दोनदा येतो.

अशा घरातील माणसाला आज्ञावली येण्याची गरज नाही. बहुतेक मुक्त प्रकल्पांत मार्गदर्शिकेतील चूक दाखवणे किंवा दुरुस्त वाक्य सुचवणे ही सोय सर्वांना खुली असते. अनुवादासाठी ‘वेब्लेट’सारख्या ठिकाणी एका बाजूला मूळ वाक्य आणि दुसऱ्या बाजूला रिकामी चौकट मिळते. सुचवलेली दुरुस्ती लगेच छापली जात नाही. दुसरा कोणीतरी ती वाचतो, शंका विचारतो, कधी परत पाठवतो. येथे नवे लोक दुखावतात आणि बरेचसे गळतात. प्रेमाने केलेल्या कामात कोणी अनोळखी माणसाने र्‍हस्व-दीर्घ काढावे हे सोसायला वेळ लागतो. उलट बाजूही आहेच: तपासणारा स्वतः नोकरी सांभाळून रात्री हे करीत असतो, त्याच्यापुढे ढीग असतो, आणि सुचवणी महिनोन्‌महिने पडून राहते. अशा वेळी लिहिणाऱ्यांपेक्षा तपासणाऱ्यांची टंचाई अधिक भासते. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. दुसऱ्याने लिहिलेली पायरी हातात घेऊन, आपल्या संगणकावर जशीच्या तशी करून पाहण्याची चिकाटी लागते. खतावणी ताडून पाहणाऱ्या माणसाला ही सवय असते.

गल्ल्याशेजारच्या वहीतील चार पाने या रीतीने बाहेर जाऊ शकतात. गिऱ्हाइकांची नावे आणि रकमा गाळाव्यात, पायऱ्या तेवढ्या ठेवाव्यात, आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती समोर ठेवून हे लिहिले तेही नोंदवावे. शेवटची गोष्ट लिहिणारे हमखास विसरतात. कीर्दीत मितीवाचून एकही नोंद होत नाही. मार्गदर्शिकांच्या पुष्कळ पानांवर मात्र ती नसते, आणि दुरुस्तीला बसलेला स्वयंसेवक पहिल्यांदा तीच शोधत असतो.