तंबूमागचा संसार

सर्कस म्हटली की झगमगणारे दिवे, बँडचा गजर आणि विदूषकाच्या कोलांट्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या झगमगाटामागे एक लहानसे गावच नांदत असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७२ साली दिवाळीच्या सुट्टीत अंधेरीच्या एका मैदानावर सर्कस उतरली, तेव्हा ते गाव पाहण्याचा योग मला आला. आमच्या शेजारचे दूधवाले काका सर्कशीच्या मुदपाकखान्यात पहाटे दूध पोचवीत. त्यांच्याबरोबर मीही जाई.

तंबूमागे राहुट्यांच्या रांगा होत्या. एकाच दोरीवर जरीचे पोशाख आणि लहान मुलांची झबली वाळत. कोठे मल्याळम, कोठे नेपाळी, तर कोठे मराठी कानी पडे. सांगलीकडील अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा खेळ केला आणि भारतीय सर्कशीचा पाया घातला. पुढे केरळातील तलश्शेरीजवळ कीलेरी कुन्हीकण्णन यांनी १९०१ साली सर्कशीच्या कसरती शिकविणारी शाळा काढली. महाराष्ट्र आणि केरळ यांचे सर्कशीतील नाते असे जुने आहे.

त्या सर्कशीत झुल्यावर काम करणारे एक जोडपे होते. पती तलश्शेरीकडचा, पत्नी सांगलीकडची. सरावात दोघांची ओळख झाली आणि ओळखीतून विवाह जुळला. खेळात तो एका झुल्याला गुडघे अडकवून उलटा लोंबकळे. ती समोरचा झुला सोडून हवेत गिरकी घेई आणि तो तिला अलगद झेली. अशा वेळी दोघेही परस्परांची मनगटे धरतात. एकाची पकड सैल झाली, तरी दुसऱ्याची टिकावी हा त्यातील हेतू.

एके सकाळी पाहतो तो दोघांत अबोला! आदल्या रात्री भांडण झाले होते. तो मल्याळममध्ये भांडला, ती मराठीत. मुदपाकखान्यातील आजीबाई हे हसत हसत सांगत होत्या. मला मात्र हसू येईना. ज्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्या हाती जीव कसा सोपवायचा? खाली जाळे असते हे खरे. पण त्यावर वेडेवाकडे पडल्यास मानही मोडू शकते.

तेवढ्यात तो आला आणि जाळ्याची एकेक गाठ ओढून पाहू लागला. फेरी पुरी झाली, तरी त्याने पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरुवात केली.

आजीबाई म्हणाल्या, "बाळ, तो रोज जाळे एकदा तपासतो. भांडण झाले की दोनदा."

थोड्या वेळाने ती आली. त्याने न बोलता हातांना लावायच्या पांढऱ्या भुकटीचा डबा तिच्यापुढे धरला. तिने भुकटी तळहातांवर चोळली आणि ती शिडी चढू लागली. मी श्वास रोखून पाहत होतो. तिने झुला सोडला, गिरकी घेतली आणि मनगटाला मनगट भिडले!

खाली उतरल्यावर तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "चहा पाहिजे?" ती हसली आणि अबोला संपला.

पुढे मराठी काव्याचा अभ्यास करताना प्रेमाची कितीतरी वर्णने मी वाचली. त्यांत चंद्र होता, चांदणे होते, फुले होती. जाळ्याच्या गाठी पुन्हा पुन्हा ओढून पाहणारा हात मात्र मला त्यांत कोठे आढळला नाही.